सूज उतरवणारं औषध माणसाच्याच प्रोटीनवरून कसं डिझाईन करायचं: तालुक्याच्या कॉलेजातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

बीएस्सी बायोटेक, झूलॉजी, बी.फार्मचे पोट्टे-पोट्टी विचारून राहिले की सर, ड्रग डिझाईन म्हणजे नेमकं बसून करायचं काय असते, आणि ते पुसद, आर्णी, दिग्रसला राहून होते का. अर्धं होते. कॉम्प्युटरवरचं अर्धं काम साध्या लॅपटॉपवर आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटवर होऊन जाते, त्याला लागणारे डेटाबेस फुकट आहेत. उरलेल्या अर्ध्याला चांगली लॅब लागते आणि ते लॅबच्या बाहेर कोणी करून पाहायचंच नाही, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो. उदाहरण मी सूज कमी करणाऱ्या औषधांचं घेतो, आणि त्यातही माणसाच्या शरीरात आधीपासून असलेल्या प्रोटीनवरून बनवलेल्या औषधांचं, काहून की शिकायला याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सापडलं नाही, आणि आपल्याकडे सुजेचं दुखणं घरोघरी आहे.

पाहा ना, कापूस वेचणीत बायांची बोटं सुजून येतात, चिकुनगुनिया गावातून फिरून गेला की लोकांचे सांधे महिनोन्‌महिने धरलेले राहतात, आमवात तर आहेच. मंग मेडिकलवरून कागदाच्या पुडीत गोळ्या येतात. ती पुडी कधी उघडून पाहा. एक मोठी गोळी दुखण्याची, एक ॲसिडिटीची कॅप्सूल, आणि एक अगदी बारकी पांढरी गोळी, कित्येकदा ती डेक्सामेथासोन नाहीतर प्रेडनिसोलोन म्हणजे स्टेरॉईड असते. दोन दिवसात आंग हलकं होते म्हणून माणूस तीच पुडी वर्षभर नेत राहते, चेहरा गोल होते, शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि एकदम बंद केली की उठून बसायची ताकद राहत नाही कारण शरीरानं स्वतःचं स्टेरॉईड म्हणजे कॉर्टिसोल बनवणं कमी करून टाकलेलं असते. स्टेरॉईड वाईट औषध नाही, वेळेवर जीव वाचवते, पण ते इम्युन सिस्टिम चारही बाजूनं दाबते. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या सूज चढवायला लागणारं कॉक्स एन्झाइम अडवतात, त्यात जठराला आणि किडनीला त्रास होते. आपल्या भागातून जे पोरं या लाईनमध्ये जातील त्यांनी तिसरा रस्ता नीट समजून घ्यावा असं मला मनापासून वाटते. शरीर सूज चढवते तसं उतरवते पण स्वतःच. तर ते उतरवणारं प्रोटीन कोणतं, ते कसं काम करते, आणि त्यात कमीत कमी हात घालून त्याचं औषध कसं करता येते, एवढाच हा सगळा विषय आहे.

प्रोटीन निवडताना

सूज म्हणजे रोग असं समजून सुरुवात करू नका. वावरात पायात काटा मोडला की तिथं लाल होते, गरम होते, ठणकते, कारण तिथल्या पेशी आयएल-१, टीएनएफ, आयएल-६ असे साइटोकाइन म्हणजे निरोप नेणारे छोटे प्रोटीन सोडून बाकीच्या पेशींना बोलावून घेतात. जंतू मरायला हे पाहिजेच. काम झाल्यावर हे थांबलं पाहिजे, आणि आमवातासारख्या आजारात ते थांबत नाही. म्हणून पहिला प्रश्न असा विचारायचा की कोणता सिग्नल अडवायचा आहे आणि कोणते चालू ठेवायचे आहेत.

उमेदवार बरेच आहेत. टीएनएफचा रिसेप्टर पाहा, म्हणजे पेशीवरचं ते प्रोटीन ज्यावर टीएनएफ येऊन बसते, शरीर स्वतः त्याचा बाहेरचा तुकडा कापून रक्तात सोडते आणि तो तुकडा टीएनएफला धरून ठेवते, त्याच कल्पनेवर इटानरसेप्ट बनलं, टीएनएफ रिसेप्टर २ चा पेशीबाहेरचा भाग आणि त्याला माणसाच्या आयजीजी१ अँटिबॉडीचा एफसी भाग म्हणजे शेपटीकडचा तुकडा जोडलेला, अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली. ॲनेक्झिन ए१ नावाचं ३४६ अमिनो ॲसिडचं प्रोटीन आहे, स्टेरॉईडचा काही परिणाम याच्यामार्फत होते, याच्या सुरुवातीचा २ ते २६ एवढा छोटा तुकडासुद्धा एफपीआर२ रिसेप्टरवर काम करते, पण छोटे पेप्टाइड शरीरात लवकर तुटतात. टीएफपीआय म्हणून रक्त गोठण्याशी संबंधित एक प्रोटीन आहे, त्याचा पहिला कुनिट्झ डोमेन (डोमेन म्हणजे प्रोटीनचा स्वतंत्र घडी घेणारा भाग) उचलून, फेज डिस्प्लेनं म्हणजे व्हायरसवर पुष्कळ नमुने मांडून निवडायच्या पद्धतीनं त्यातली काही अक्षरं म्हणजे अमिनो ॲसिड बदलून इकॅलँटाइड बनवलं, फक्त ६० अमिनो ॲसिड, हेरेडिटरी अँजिओएडिमा या अंग अचानक सुजणाऱ्या आनुवंशिक आजारासाठी २००९ मध्ये मान्य झालं. आणि चौथा, ज्याच्यावर मी पुढं सगळं शिकवणार आहे, तो म्हणजे आयएल-१ रिसेप्टर अँटॅगोनिस्ट, शॉर्टमध्ये आयएल-१आरए. १९८० च्या दशकात तापाच्या पेशंटच्या लघवीत आयएल-१ ला अडवणारं काहीतरी सापडलं होतं, १९९० पर्यंत त्याचा जीन हाती आला, आणि त्याच प्रोटीनवरून अनाकिनरा हे औषध २००१ मध्ये आमवातासाठी आलं.

निवड बरोबर आहे का हे तपासायची माझी आवडती पद्धत सांगतो: ज्या माणसात हे प्रोटीन जन्मतःच नाही त्याचं काय होते ते शोधा. ओमिम या आनुवंशिक आजारांच्या डेटाबेसवर जीनचं नाव टाका, इथं आयएल१आरएन. २००९ मध्ये अशा बाळांचा आजार समोर आला, डिरा म्हणतात त्याला. जन्मल्यावर थोड्याच दिवसात अंगावर पू भरलेले फोड, हाडांना सूज, आणि जंतू शोधायला गेलं तर जंतू सापडत नाही. फक्त एक आवर घालणारं प्रोटीन नाही म्हणून एवढं सगळं. अनाकिनरा सुरू केलं की बाळं झपाट्यानं सुधारतात, २०२० मध्ये अमेरिकेत डिरासाठीही ते मान्य झालं. म्हणजे उंदरावर प्रयोग करायच्या आधीच निसर्गानं माणसातच दाखवून दिलं की या प्रोटीनचं वजन किती आहे. सी१ इन्हिबिटर नावाच्या प्रोटीनचंही तसंच, ते कमी असलं की चेहरा, घसा सुजते. तुमच्या मनात जे प्रोटीन असेल त्याला हीच कसोटी लावा. नसल्यानं माणसाला फारसं काही होत नसेल तर ते लगेच सोडू नका, पण पुन्हा विचार करा.

अक्षरं हाती घेणं

युनिप्रॉट हा प्रोटीनचा डेटाबेस उघडा आणि सर्चमध्ये पी१८५१० टाका. माणसाचं आयएल-१आरए येईल, १७७ अमिनो ॲसिड. इथं घाई करायची नाही. त्या १७७ पैकी पहिले २५ म्हणजे सिग्नल पेप्टाइड, पेशीच्या बाहेर जायपुरते असतात, बाहेर पडताना कापले जातात, उरतात १५२. तुमचं औषध त्या १५२ वरून करायचं. याचे पेशीच्या आतच राहणारे दुसरे प्रकारही त्याच पानावर दिसतील, ते घ्यायचे नाहीत, बाहेर सोडला जाणाराच घ्यायचा. अनाकिनरा १५३ चं आहे, कारण ते ई. कोलाय बॅक्टेरियात बनवतात आणि समोर एक जास्तीचा मेथिओनिन राहते. शरीरातल्या प्रोटीनवर साखरेच्या साखळ्या असतात, अनाकिनरावर नाहीत, तरी ते काम करते. हे लिहून ठेवा, कारण पुढं कोणत्या पेशीत बनवायचं ते यावरच ठरते.

नंबरचा घोळ बहुतेक नवीन पोरांचा इथंच होते. पेपरमध्ये "१४५ वा" लिहिलेलं असते ते कापलेल्या १५२ वर मोजलेलं असते, युनिप्रॉटच्या पानावर तोच १७० वा दिसते. एक्सेलमध्ये दोन कॉलम करा, एक पूर्ण नंबरचा, एक कापलेल्या नंबरचा, आणि शेवटपर्यंत दोन्ही सोबत ठेवा.

स्ट्रक्चर पाहताना

पीडीबी म्हणजे प्रोटीन डेटा बँकेवर तीन फाईल शोधा. १आयआरए, यात आयएल-१आरए रिसेप्टरवर बसलेलं आहे. १आयटीबी, यात सूज चढवणारं आयएल-१ बीटा त्याच रिसेप्टरवर बसलेलं आहे. आणि ४डीईपी, यात आयएल-१ बीटा, रिसेप्टर आणि तिसरं ॲक्सेसरी प्रोटीन असे तिघं एकत्र आहेत. पीडीबीच्या साईटवर ब्राउझरमध्येच फिरवून पाहता येते, मोबाईलवरही, पण नीट कामाला लॅपटॉपवर कायमेरा-एक्स टाका, शिकण्यासाठी फुकट आहे. प्रयोगातून काढलेलं स्ट्रक्चर असताना अल्फाफोल्डच्या (अक्षरांवरून घडी सांगणारं सॉफ्टवेअर) अंदाजावर सुरुवात करू नका, असं स्ट्रक्चर नसेल तिथंच तो वापरायचा.

आता काय पाहायचं. रिसेप्टरचे पेशीबाहेर तीन डोमेन आहेत. आयएल-१ बीटा त्याला दोन जागी धरते, एक जागा पहिल्या दोन डोमेनच्या मध्ये, दुसरी तिसऱ्या डोमेनवर. दोन्ही जागा धरल्या की रिसेप्टर त्याच्याभोवती लपेटून बसते आणि मंग ॲक्सेसरी प्रोटीन बाजूला येऊन लागते, दोघांचे पेशीच्या आतले भाग जवळ येतात, तेव्हा कुठं सिग्नल आत जाते. आयएल-१आरए पहिल्या जागेवर घट्ट बसते, तिसऱ्या डोमेनला मात्र पाहिजे तसं धरत नाही, म्हणून ॲक्सेसरी प्रोटीन येतच नाही. वखराला एकच बैल जुंपला आणि जुवाची दुसरी बाजू रिकामी राहिली तर वखर जागचा हलत नाही, तसंच आहे हे, आणि वरून ती जागा अडलेली असल्यानं खरी जोडीही जुंपता येत नाही.

कायमेरा-एक्समध्ये १आयआरए आणि १आयटीबी दोन्ही उघडा, मॅचमेकर कमांडनं रिसेप्टरचे पहिले दोन डोमेन एकावर एक बसवा. तिसरा डोमेन दोन्हीत वेगळ्या जागी फिरलेला दिसेल, हे स्वतःच्या डोळ्यानं पाहिलंच पाहिजे, वाचून ते समजत नाही. मंग रिसेप्टरपासून ४ अँगस्ट्रॉमच्या आत येणारे सगळे अमिनो ॲसिड निवडा आणि एक्सेलमध्ये तिसरा कॉलम करा: "टेकते" किंवा "टेकत नाही". चौथा कॉलम करा जनावरांचा. माकड, गाय, डुक्कर, उंदीर यांचं आयएल-१आरए युनिप्रॉटवरूनच घ्या, क्लस्टल ओमेगात एकाखाली एक लावा, आणि जे अक्षर सगळ्यात सारखं आहे त्यापुढं खूण करा. सगळ्यात सारखं असलेलं आणि रिसेप्टरला टेकणारं अक्षर, त्याला हात लावायचा नाही. टेकत नाही आणि जनावरागणिक बदलते, तिथं तुम्हाला मोकळीक आहे. हा तक्ता म्हणजेच खरं डिझाईन, पुढचं सॉफ्टवेअर त्या मानानं सोपं आहे.

एकच अक्षर, १४५ वं

या भागावर मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ घालवतो. आयएल-१आरएच्या शेवटाकडे पाहा, शेवटची नऊ अक्षरं अशी आहेत: टी, के, एफ, वाय, एफ, क्यू, ई, डी, ई. यातला के म्हणजे लायसिन, कापलेल्या प्रोटीनमधला १४५ वा. सूज चढवणाऱ्या आयएल-१ बीटामध्ये याच ठिकाणी डी म्हणजे ॲस्पार्टिक ॲसिड आहे. १९९१ मध्ये शास्त्रज्ञांनी आयएल-१आरएमधला हा एकच लायसिन काढून तिथं ॲस्पार्टिक ॲसिड बसवलं, बाकी १५१ अक्षरं जशीच्या तशी. आणि ते अडवणारं प्रोटीन थोडंफार सिग्नल द्यायला लागलं. पार्शल ॲगोनिस्ट झालं. म्हणजे सूज उतरवायला निघालेलं औषध एका अक्षरानं सूज चढवायच्या बाजूला गेलं.

आता तुम्ही हाच बदल करून सिक्वेन्स अल्फाफोल्डला दिला तर काय येईल? जवळपास तसंच स्ट्रक्चर येईल, भरवशाचा स्कोरही चांगलाच येईल, कारण घडी बदललेलीच नाही. अल्फाफोल्ड घडी सांगते, काम सांगत नाही, आणि एका अक्षराच्या बदलाला ते तसंही फार दाद देत नाही. म्हणून जो पोट्टा म्हणते की सर माझ्या व्हेरिएंटचा म्हणजे बदललेल्या प्रोटीनचा पीएलडीडीटी, तोच भरवशाचा स्कोर, ९० च्या वर आला, म्हणजे डिझाईन झालं, त्याला मी पहिले हा प्रयोग करायला लावतो. तक्त्यात १४५ समोर लाल रंग भरा, आणि ज्या ज्या जागी आयएल-१आरए आणि आयएल-१ बीटा यांच्यात तिसऱ्या डोमेनच्या बाजूला फरक आहे तिथं पण लाल भरा. तिथं बदल करायचा नाही, सॉफ्टवेअरनं कितीही सुचवला तरी.

काय सुधारायचं, ते आपल्या गावाकडून पाहून ठरवा

अनाकिनराची अडचण अशी की ते १७.३ किलोडाल्टनचं छोटं प्रोटीन आहे, किडनीतून गळून जाते, अर्धं औषध ४ ते ६ तासात संपते, म्हणून रोज १०० मिलिग्रॅमचं कातडीखाली इंजेक्शन. त्यात आयएल-१ इतकं जोरदार आहे की थोडेसे रिसेप्टर मोकळे राहिले तरी सिग्नल जाते, म्हणून अडवणारं प्रोटीन त्याच्या शंभर पटीनं किंवा त्याहून जास्त लागते. तर पहिलं सुधारायचं म्हणजे टिकाव. साधारण ६० किलोडाल्टनच्या खालचं प्रोटीन किडनी गाळून टाकते, म्हणून आकार वाढवायचा: एफसी जोडा, पीईजी ही लांब पॉलिमरची साखळी जोडा, किंवा रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटणारा तुकडा जोडा. एफसीचा दुसरा फायदा असा की एफसीआरएन नावाचा रिसेप्टर त्याला पेशीत नष्ट होण्यापासून वाचवून पुन्हा रक्तात सोडते, आपल्या आयजीजी अँटिबॉडीचा हाफ लाईफ म्हणजे अर्धं संपायचा वेळ ३ आठवड्यांच्या आसपास याच कारणानं असते. पण एफसी जोडला म्हणजे ३ आठवडे मिळालेच असं धरू नका, इटानरसेप्टचा हाफ लाईफ साधारण ४ दिवसच आहे. आणि जोडताना कोणत्या टोकाला जोडता ते स्ट्रक्चरमध्ये पाहा, आयएल-१आरएची ती शेवटची नऊ अक्षरं रिसेप्टरच्या बाजूची आहेत, मी तरी तिकडं अवजड काही लटकवणार नाही, समोरच्या टोकाला लवचिक लिंकर देऊन पाहीन.

दुसरी सुधारणा जी मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये बसून लक्षात येत नाही ती म्हणजे उष्णता. ही सगळी इंजेक्शनं २ ते ८ डिग्रीत ठेवावी लागतात. मे महिन्यात ब्रह्मपुरी, चंद्रपूर, अकोला ४५ च्या वर जाते, लाईट जाते, आणि पेशंटला ते औषध जिल्ह्यावरून एसटीनं घरी आणायचं आहे. म्हणून माझ्या मते आपल्या पोरांनी डिझाईनचं टार्गेट लिहितानाच पहिल्या ओळीत लिहावं की हे प्रोटीन फ्रिजबाहेर जास्त टिकलं पाहिजे. हे अशक्य नाही. २०१३ मध्ये आयएल-१ बीटा आणि आयएल-१आरए यांचे भाग एकत्र करून एक मिश्र प्रोटीन बनवलं होतं, ईबीआय-००५ नावाचं. रिसेप्टरला घट्ट धरणारा भाग आयएल-१ बीटाचा घेतला आणि सिग्नल न जाऊ देणारा भाग आयएल-१आरएचा ठेवला. ते अनाकिनरापेक्षा घट्टही बसत होतं आणि उष्णताही जास्त सहन करत होतं. डोळे कोरडे पडण्याच्या आजारावर ड्रॉप म्हणून पेशंटवर तपासलं तेव्हा मात्र मोठ्या ट्रायलमध्ये ते चाललं नाही. प्रोटीन चांगलं होतं, आजार त्या एकाच सिग्नलवर चालत नसावा. डिझाईन शिकणाऱ्यानं या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजायला शिकाव्या.

कॉम्प्युटरवर व्हेरिएंट काढणं

प्रोटीन-एमपीएनएन वापरा, २०२२ मध्ये सिएटलच्या डेव्हिड बेकर यांच्या लॅबमधून आलं, यांनाच २०२४ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, सोबत अल्फाफोल्डसाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना. याला तुम्ही स्ट्रक्चर देता आणि ते त्या घडीला बसणारी अक्षरं सुचवते. तक्त्यातल्या लाल आणि खूण केलेल्या जागा फिक्स ठेवायच्या आणि मोकळीक असलेल्या जागाच त्याच्या हातात द्यायच्या. जे व्हेरिएंट निघतील ते कोलॅबफोल्डमध्ये टाका, हे अल्फाफोल्डच गूगल कोलॅबवर फुकट चालते, नेट तुटलं की सेशन जाते म्हणून मी तर रात्री नेट बरं असते तेव्हाच लावायला सांगतो. आलेल्या स्ट्रक्चरचा रामचंद्रन प्लॉट पाहा, हा जी. एन. रामचंद्रन यांनी मद्रासला १९६३ मध्ये दिलेला नकाशा आजही जगातली प्रत्येक लॅब वापरते, आणि जिथं अक्षरांचे कोन नको त्या भागात पडलेले दिसतील तो व्हेरिएंट बाजूला ठेवा.

अगदीच नवीन प्रोटीन शून्यातून काढायचं आरएफ-डिफ्यूजनसारखं सॉफ्टवेअरही आहे. ते शिका, पण पहिला प्रोजेक्ट त्यावर करू नका.

शरीरानं परकं मानलं तर

पोरांना वाटते की माणसाचंच प्रोटीन आहे तर ॲलर्जीचा प्रश्नच नाही. हे खरं नाही. इकॅलँटाइड माणसाच्या प्रोटीनवरूनच केलेलं, तरी काही पेशंटला त्यानं ॲनाफिलॅक्सिस म्हणजे जीवघेणी ॲलर्जी झाली, म्हणून ते डॉक्टर-नर्सच्या हातूनच द्यायचं अशी सक्त सूचना आहे. त्याहून गंभीर गोष्ट एरिथ्रोपोएटिनची. रक्त वाढवायचं हे औषध आपल्या शरीरातल्या हार्मोनसारखंच आहे, आणि २००० च्या आसपास काही किडनीच्या पेशंटमध्ये औषधाविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या, त्या अँटिबॉडींनी औषधासोबत शरीराचं स्वतःचं एरिथ्रोपोएटिनही अडवलं, लाल पेशी बनणंच थांबलं. आपण आयएल-१आरएवरून औषध करू आणि असं झालं तर त्या पेशंटचं स्वतःचं आयएल-१आरएही जाईल, म्हणजे वर सांगितलेल्या बाळांसारखी अवस्था मोठ्या माणसात तयार करायचा धोका.

म्हणून प्रत्येक बदल मोजून करा. टी सेल साधारण नऊ अक्षरांचा गाभा ओळखतात, तर तुमच्या प्रत्येक बदललेल्या अक्षराभोवतीच्या सगळ्या नऊ-नऊच्या खिडक्या काढा आणि ब्लास्ट या सर्च टूलवर माणसाच्या प्रोटीनमध्ये शोधा. ती नऊ अक्षरं माणसात कुठंतरी आधीच असतील तर बरं. नसतील तर नेटएमएचसीटू-पॅनमध्ये टाकून पाहा की एचएलएला, म्हणजे टी सेलला तुकडे दाखवणाऱ्या प्रोटीनला, किती घट्ट बसते, आणि तिथं फक्त युरोपातले एचएलए निवडू नका, भारतात डीआरबी१*०७ आणि डीआरबी१*१५ भरपूर आढळतात, ते घ्याच. दोन व्हेरिएंट सारखेच चांगले असतील तर ज्यात बदल कमी तो ठेवायचा.

लॅबवाल्यांशी बोलताना काय माहीत पाहिजे

कोणत्या पेशीत बनवायचं हे लवकर ठरवा. साखर नसली तरी चालणारं, छोटं प्रोटीन असेल तर ई. कोलाय स्वस्त पडते. इटानरसेप्टसारखं साखरेच्या साखळ्या आणि ढीगभर डायसल्फाइड बंध असलेलं मोठं प्रोटीन सीएचओ (हॅमस्टरच्या) पेशीतच नीट बनते. कुनिट्झ डोमेनसारखं छोटं पण तीन डायसल्फाइडचं असेल तर पिकिया यीस्ट.

ई. कोलाय वापरलं तर एक गोष्ट कधी विसरू नका, एंडोटॉक्सिन. बॅक्टेरियाच्या आवरणातला एलपीएस प्रोटीनसोबत थोडा जरी आला तरी तो स्वतःच पेशींना सूज चढवायला लावते, मंग तुमचं सूज उतरवणारं प्रोटीन टेस्टमध्ये उलटंच काम करताना दिसते आणि डिझाईनला उगाच दोष लागते. पेशींवर टाकायच्या आधी एंडोटॉक्सिन मोजणारी एलएएल टेस्ट झालीच पाहिजे.

पेशींवरची टेस्ट अशी: फायब्रोब्लास्टला आयएल-१ बीटा दिलं की त्या आयएल-६ सोडतात, ते एलायझा या अँटिबॉडीवरच्या टेस्टनं मोजायचं, आणि तुमच्या व्हेरिएंटचा डोस वाढवत नेऊन आयएल-६ कुठं अर्ध्यावर येते ते पाहायचं. शेजारी अनाकिनराही त्याच प्लेटवर ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार. आणि तेवढंच महत्त्वाचं, काही खड्ड्यांमध्ये आयएल-१ बीटा न टाकता फक्त तुमचं प्रोटीन टाका. आयएल-६ निघालं तर तुमचं प्रोटीन स्वतःच सिग्नल देऊन राहिलं. उष्णतेचीही टेस्ट सोबतच करून घ्या, ४५ डिग्रीवर ठेवून मंग हीच पेशींची टेस्ट पुन्हा.

आजार निवडताना सावध

टीएनएफ अडवलं की टीबीचा दबलेला जंतू उठू शकते, कारण फुप्फुसात त्या जंतूला घेरून ठेवणाऱ्या गाठी टीएनएफच्या जोरावर टिकतात. आपल्या भागात टीबी किती आहे ते सांगायला नको. म्हणून अशी औषधं देण्याआधी टीबीची तपासणी करतात, आणि डिझाईन करणाऱ्यानंही टार्गेट निवडतानाच याचा विचार करावा. सेप्सिसमध्ये म्हणजे इन्फेक्शन अंगभर भडकल्यावर रक्तात टीएनएफ वाढलेलं असते म्हणून इटानरसेप्टसारखंच प्रोटीन देऊन पाहिलं, १९९६ मध्ये निकाल आला की जास्त डोस मिळालेल्यांमध्ये मृत्यू वाढले. टीएनएफ रिसेप्टरचंच दुसरं औषध, लेनरसेप्ट, मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात दिलं तर आजाराचे झटके वाढले. आणि दोन्ही अडवली तर डबल फायदा होईल असं वाटून अनाकिनरा आणि इटानरसेप्ट सोबत देऊन पाहिले, फायदा वाढला नाही, गंभीर इन्फेक्शन वाढले. एकाच मॉलिक्युलमध्ये दोन सिग्नल अडवायची आयडिया दर बॅचला कोणीतरी घेऊन येते, त्यांना मी हे तीन निकाल वाचायला देतो.

पुढं कुठं न्यायचं

माणसापर्यंत जायचा रस्ता लांब आहे आणि तो लांब आहे तेच बरं. २००६ मध्ये लंडनला टीजीएन१४१२ नावाची अँटिबॉडी सहा निरोगी तरुणांना पहिल्यांदाच दिली, जनावरात काही त्रास दिसला नव्हता, आणि काही तासातच सगळ्यांना साइटोकाइनचा भडका होऊन आयसीयूत न्यावं लागलं. आपल्याकडे जीन बदललेल्या कामाला आधी संस्थेची बायोसेफ्टी कमिटी, मंग आरसीजीएम ही जीन बदललेल्या कामांची केंद्राची कमिटी, पेशंटवर जायला सीडीएससीओ म्हणजे केंद्राचं औषध नियंत्रण खातं आणि एथिक्स कमिटी, २०१९ चे क्लिनिकल ट्रायलचे नियम, सीटीआरआय या ट्रायलच्या सरकारी यादीवर नोंदणी. कोणी घरी बनवलेलं पेप्टाइड टोचून घ्यायच्या गोष्टी करत असेल, नेटवर असे लोक आहेत, तर त्याला तिथंच थांबवा.

तुम्ही तुमच्या हातचं अर्धं नीट करा. एमएस्सी, पीएचडीला जाताना, नागपूर, अमरावती, पुणे कुठंही, गाईडसमोर एक फाईल घेऊन जा: कोणता सिग्नल आणि का, प्रोटीन नसलेल्या माणसाचं काय होते, तो चार कॉलमचा तक्ता लाल खुणांसकट, चार-पाचच व्हेरिएंट आणि प्रत्येकातल्या प्रत्येक बदलाचं एका ओळीत कारण, नऊ अक्षरांच्या खिडक्यांचा निकाल, कोणत्या पेशीत बनवायचं, आणि कोणत्या टेस्टमध्ये काय आलं तर तो व्हेरिएंट सोडून द्यायचा. ही शेवटची ओळ टेस्ट व्हायच्या आधी लिहायची, नंतर नाही. सिक्वेन्स फास्टा फाईलमध्ये (नुसत्या अक्षरांची साधी टेक्स्ट फाईल) वेगळे द्या, वर्डमध्ये चिकटवले की स्पेलिंग चेक मधेच एखादं अक्षर बदलून टाकते.